प्रोसेसरचे कोअर वाढले ते उष्णतेमुळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोलीत संगणक जोडणी-दुरुस्तीचं काम करताना गिऱ्हाईक आणि अकरावी-बारावीची मुलं, दोघंही फिरून फिरून त्याच प्रश्नांपाशी येतात. कोअर किती हवेत? गिगाहर्ट्झ का वाढत नाहीत? मशीन इतकं तापतं का? कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग, आणि गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या क्लॉकचे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात तो वेग. या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. प्रोसेसर तापतो म्हणून त्याचे कोअर वाढवावे लागले. हे नीट कळलं की खरेदीच्या वेळी कोअरच्या आकड्याला भुलायला होत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय. थोडी आकडेमोड आहे, पण गुणाकार येणाऱ्याला ती जड जाऊ नये.

आमच्या २००४ च्या पेंटियम फोरवर ३ गिगाहर्ट्झ लिहिलं होतं. नव्या लॅपटॉपवरही अडीच-तीनच लिहिलंय. मग वीस वर्षांत सुधारलं काय?

पुष्कळ सुधारलं, पण ते त्या आकड्यात दिसत नाही. १९९३ चा इंटेल कंपनीचा पहिला पेंटियम प्रोसेसर ६० मेगाहर्ट्झचा होता (१००० मेगाहर्ट्झ म्हणजे १ गिगाहर्ट्झ). मार्च २००० मध्ये आधी प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीने आणि दोनच दिवसांनी इंटेलने १ गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला, म्हणजे सात वर्षांत सोळापट. २००४ च्या नोव्हेंबरात पेंटियम फोर ३.८ गिगाहर्ट्झवर पोचला आणि तिथे गाडी अडली. जानेवारी २०२३ मध्ये इंटेलच्या एका निवडक चिपने ६ गिगाहर्ट्झ गाठले, तेही मोजक्या कोअरवर आणि थोड्या वेळापुरते. अठरा वर्षांत दुप्पटसुद्धा नाही.

राज्य सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांना संगणक मिळू लागले त्या काळात गोव्यात घरोघरी एकच प्रश्न असायचा, किती गिगाहर्ट्झ? आज तो प्रश्न पुरत नाही. आजचा कोअर क्लॉकच्या एका ठोक्यात जुन्या पेंटियम फोरपेक्षा कितीतरी जास्त काम उरकतो, आणि असे कोअर एका चिपवर चार, आठ, सोळा असतात.

प्रोसेसरमध्ये हलणारं काहीच नाही. मग तो तापतो कशाने?

आत कोट्यवधी ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे सूक्ष्म स्विच असतात आणि प्रत्येक ठोक्याला त्यांतले बरेचसे चालू-बंद होतात. दर वेळी एक सूक्ष्म विद्युतभार भरला जातो आणि रिकामा केला जातो. ती ऊर्जा कुठे जात नाही, तिची उष्णताच होते. प्रोसेसरमध्ये जेवढी वीज शिरते, जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर पडते.

किती, याचं सूत्र छोटं आहे. कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता), गुणिले व्होल्टेजचा वर्ग, गुणिले क्लॉकचा वेग. वेग वाढवला की उष्णता त्याच प्रमाणात वाढते, तिथवर ठीक होतं. पण ट्रान्झिस्टरला जास्त वेगाने चालू-बंद व्हायला लावायचं तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि व्होल्टेजचा तर वर्ग होतो. दोन्ही मिळून उष्णता साधारण वेगाच्या घनाच्या हिशेबाने चढते. वेग २० टक्के वाढवा: १.२ चा घन १.७३, म्हणजे उष्णता ७३ टक्के जास्त. उलट वेग २० टक्के कमी करा: ०.८ चा घन ०.५१, म्हणजे उष्णता निम्म्यावर. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

ट्रान्झिस्टर दर पिढीला लहान होत गेले. लहान वस्तू कमी तापायला हवी ना?

हा या पानावरचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, आणि तो विचारणारी मुलगी बारावीत होती. तीस वर्षं अगदी तसंच घडत होतं.

१९७४ साली आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ट्रान्झिस्टर ज्या प्रमाणात लहान कराल त्याच प्रमाणात त्याचं व्होल्टेजही कमी करता येतं. समजा सगळी मापं निम्मी केली. कपॅसिटन्स निम्मा, व्होल्टेज निम्मं (त्याचा वर्ग पाव), वेग दुप्पट. गुणाकार केला की एका ट्रान्झिस्टरची उष्णता पावपट येते. तेवढ्याच जागेत आता चौपट ट्रान्झिस्टर बसतात. म्हणजे ट्रान्झिस्टर चौपट, वेग दुप्पट, आणि चिपच्या दर चौरस सेंटिमीटरमागे उष्णता होती तेवढीच! गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये ट्रान्झिस्टरची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल असं मांडलं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण वाढत्या संख्येबरोबर वेगही वाढत राहिला तो डेनार्डच्या हिशेबामुळे. माझ्या मते शाळेच्या पुस्तकांत मूर यांच्या शेजारी डेनार्ड यांचं नाव यायलाच हवं.

प्रत्यक्षात व्होल्टेज नेमकं त्या प्रमाणात उतरलं नाही, आणि वेग मात्र त्याहून जास्त खेचला गेला. त्यामुळे उष्णता थोडी थोडी चढत होतीच. तरी पेंटियमच्या आधीच्या ४८६ प्रोसेसरच्या काळातले ५ व्होल्ट उतरत उतरत पेंटियम फोरपर्यंत सव्वा-दीड व्होल्टच्या आसपास आले. तिथून पुढे उतरेनात.

कारण असं. ट्रान्झिस्टर चालू व्हायला किमान काही व्होल्टेज लागतं, त्याला त्याचा उंबरठा म्हणू. एकूण व्होल्टेज कमी करायचं तर हा उंबरठाही खाली आणावा लागतो. पण तो जसजसा खाली येतो तसतसा ट्रान्झिस्टर बंद असतानाही थोडा थोडा प्रवाह गळत राहतो. ही गळती सावकाश वाढत नाही. उंबरठा ०.१ व्होल्टने उतरवला की ती दहापटीच्या आसपास जाते. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, कुठल्या कारखान्याचा दोष नव्हे. भरीला चिप तापली की गळती आणखी वाढते, आणि गळती वाढली की चिप आणखी तापते. २००५ च्या सुमारास डेनार्डचा हिशेब असा संपला. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, व्होल्टेज मात्र १ व्होल्टच्या आगेमागे अडकून बसलं.

२००४ मध्ये नेमकं काय झालं?

धोक्याची सूचना आधीच मिळाली होती. २००१ मध्ये इंटेलचे पॅट गेलसिंगर यांनी अभियंत्यांच्या परिषदेत सांगितलं होतं, की कल असाच राहिला तर चिपच्या दर चौरस सेंटिमीटरमागची उष्णता २००५ पर्यंत अणुभट्टीच्या, २०१० पर्यंत रॉकेटच्या नळीच्या आणि २०१५ पर्यंत सूर्याच्या पृष्ठभागाच्या पातळीला जाईल.

तरीही फेब्रुवारी २००४ मध्ये ‘प्रेस्कॉट’ नावाचा नवा पेंटियम फोर आला. ९० नॅनोमीटरचा, म्हणजे आधीच्या १३० नॅनोमीटरच्या ‘नॉर्थवुड’पेक्षा लहान ट्रान्झिस्टरचा. सगळ्यांची अपेक्षा होती की तो थंड चालेल. तो जास्त तापला. जास्त गिगाहर्ट्झ गाठता यावेत म्हणून त्यात एकेक सूचना ३१ टप्प्यांत तोडलेली होती, आधी टप्पे २० होते. ३.४ गिगाहर्ट्झचा जुना नॉर्थवुड ८९ वॅटचा, तर तेवढ्याच वेगाचा प्रेस्कॉट १०३ वॅटचा. आणि ती चिप केवढी? ११२ चौरस मिलिमीटर, सव्वा चौरस सेंटिमीटरहूनही लहान. एवढ्याशा तुकड्यातून शंभर वॅट सतत उपसून काढायचे.

मे २००४ मध्ये इंटेलने पुढचा ‘तेहास’ प्रोसेसर रद्द केला. ऑक्टोबरात ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोरही रद्द झाला, आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत मंचावर गुडघे टेकून त्याबद्दल माफी मागितली. २००५ च्या मे महिन्यात इंटेलचा पेंटियम डी आणि एएमडीचा अॅथलॉन ६४ एक्स-टू, हे दोन कोअरचे प्रोसेसर घरगुती बाजारात आले. एका वर्षात अख्ख्या उद्योगाने दिशा बदलली.

एकाऐवजी दोन कोअर म्हणजे उष्णता दुप्पट व्हायला हवी. कमी कशी?

आता तो ०.५१ चा आकडा काढा. एक कोअर पूर्ण वेगाने चालवला तर उष्णता १ आणि काम १ धरू. त्याऐवजी दोन कोअर घ्या, पण दोघांचाही वेग आणि व्होल्टेज ८० टक्क्यांवर ठेवा. प्रत्येकाची उष्णता ०.५१, दोघांची मिळून १.०२. म्हणजे होती तेवढीच. काम मात्र ०.८ अधिक ०.८, एकूण १.६. तेवढ्याच पंख्याखाली ६० टक्के जास्त काम! एकच कोअर पळवून १.६ पट काम काढायचं तर १.६ चा घन, उष्णता चौपट झाली असती. शिवाय दोन कोअरमध्ये उष्णता चिपच्या जास्त भागावर पसरते, एकाच ठिकाणी साचत नाही.

हा हिशेब एका मर्यादेतच चालतो, कारण व्होल्टेज खाली आणायला तळ आहे. आणि तापट कोअर तसाच ठेवून त्याची जोडी लावली तर उपयोग नाही, हे पेंटियम डीनेच दाखवलं. त्यात प्रेस्कॉट जातीचे दोन कोअर होते आणि त्याचं ३.२ गिगाहर्ट्झचं मॉडेल १३० वॅटवर गेलं. खरं उत्तर जुलै २००६ मध्ये कोअर टू ड्युओच्या रूपाने आलं. त्याची जातकुळी इस्रायलमधल्या हैफाच्या पथकाने लॅपटॉपसाठी घडवलेल्या पेंटियम एमची. लॅपटॉपमध्ये बॅटरी आणि जागा दोन्ही तुटपुंजी, त्यामुळे त्या पथकाने पहिल्यापासून वॅट मोजूनच काम केलं होतं. ई-६६०० हे मॉडेल २.४ गिगाहर्ट्झचं, दोन कोअर मिळून ६५ वॅट, आणि ११५ वॅटच्या ३.८ गिगाहर्ट्झ पेंटियम फोरला ते सहज मागे टाकायचं.

मोठा पंखा किंवा पाण्याचं कूलिंग लावून एकच कोअर पळवता आला नसता?

काही प्रमाणात येतो. २०११ मध्ये द्रव नायट्रोजन आणि द्रव हीलियम वापरून एएमडीच्या एका चिपवर ८.४ गिगाहर्ट्झ गाठून विक्रम केला गेला. पण ते घरी, दुकानात किंवा मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये चालणारं नाही. पंखा कितीही मोठा असला तरी उष्णतेला आधी चिपचं सिलिकॉन, मग त्यावरची पेस्ट, मग वर बसवलेला पात्यांचा धातू (हीटसिंक) ओलांडून बाहेर यायचं असतं, आणि अडचण त्या वाटेत असते.

दुसरं, नुसत्या वेगाने फायदाही घटत जातो. ३ गिगाहर्ट्झच्या एका ठोक्याच्या वेळात प्रकाश जेमतेम १० सेंटिमीटर जातो, आणि चिपमधल्या तारांतून संदेश त्याहून बराच सावकाश. रॅमकडून (चालू कामाची माहिती ठेवणाऱ्या मेमरीकडून) माहिती यायला तर शंभराहून जास्त ठोके जातात. कोअर आणखी पळवला तर तो फक्त जास्त ठोके वाट पाहत बसतो.

अनेक प्रोसेसरना एकत्र जुंपण्याची कल्पना तेव्हाच सुचली का?

नाही, खूप जुनी आहे. आयबीएमने २००१ मध्येच एका चिपवर दोन कोअरचा पॉवर-फोर काढला होता, सर्व्हरसाठी. आणि त्याच्याही आधीचं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. अमेरिकेकडून क्रे महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संशोधन संस्था उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. एका महाबलाढ्य प्रोसेसरऐवजी साध्या ट्रान्सप्युटर चिपांची फौज एकत्र कामाला लावायची, ही त्याची रचना. घरच्या संगणकात हे आधी आलं नाही, कारण गरज नव्हती. दीड-दोन वर्षं थांबलं की तोच प्रोग्राम नव्या चिपवर आपोआप वेगाने चालायचा. मग कामाची वाटणी करण्याचा उपद्व्याप कोण करणार?

आठ कोअर म्हणजे आठपट वेग ना?

नाही. खरेदीत सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते या समजुतीपायी.

चवथीच्या आधी घरात नेवऱ्या करायला बसतात ते आठवा. लाटायला आणि भरायला चार जणी बसल्या की काम चटचट उरकतं. पण पीठ मळून मुरेपर्यंत चौघींनाही थांबावं लागतं, आणि तळायला कढई एकच. मळायला आणि तळायला मिळून एक तास लागत असेल, तर शेजारणी कितीही बोलवा, तासाच्या आत नेवऱ्या होणार नाहीत.

जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं. एखाद्या कामाचा ८० टक्के भाग वाटता येत असेल तर चार कोअरवर ते अडीचपट वेगाने होतं. आठ कोअरवर ३.३ पट. आणि कोअर अगणित लावले तरी पाचपटीच्या पुढे जात नाही, कारण उरलेले २० टक्के एकट्यानेच करायचे असतात.

म्हणून कामाची जात बघा. लग्नाचे आणि शिगमोत्सवाचे व्हिडिओ करणारे स्टुडिओवाले येतात त्यांना मी जास्त कोअर घ्यायलाच सांगतो. व्हिडिओच्या फ्रेम वाटता येतात, तिथे प्रत्येक कोअरचा पैसा वसूल होतो. बिलं, पत्रं आणि इंटरनेट एवढंच काम असलेल्या दुकानदाराला चार चांगले कोअर भरपूर. उरलेल्या पैशांत एसएसडी (हार्ड डिस्कऐवजीची वेगवान साठवण) घ्या, रॅम वाढवा. फरक पहिल्याच दिवशी कळेल.

टास्क मॅनेजर आठ दाखवतो, दुकानदार चार कोअर म्हणाला. फसवलं का?

नाही. बऱ्याच प्रोसेसरमध्ये एका कोअरला दोन कामांच्या रांगा एकाच वेळी हाताळता येतात, विंडोज त्या रांगा मोजतं. एक रांग रॅमची वाट बघत थांबली की कोअर दुसरीचं काम करतो. फायदा होतो, पण दुप्पट नव्हे.

‘४.५ गिगाहर्ट्झपर्यंत’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं, ते खरं असतं?

खरं असतं, पण ‘पर्यंत’ हा शब्द नीट वाचा. २००८ पासून इंटेलच्या चिपांत टर्बो आला. बाकीचे कोअर निवांत असले की त्यांच्या वाट्याची उष्णता एका-दोन कोअरना वापरू देतात आणि ते थोडा वेळ जोरात पळतात. सगळे कोअर कामाला लागले किंवा चिप तापली की वेग खाली येतो. पातळ लॅपटॉपमध्ये तो फार लवकर येतो. म्हणूनच तीच चिप जाड लॅपटॉपमध्ये जास्त वेगवान वाटते, आणि ते खरंच असतं.

मोबाइलला पंखाही नाही, तरी आठ कोअर कसे?

ते सगळे एकसारखे नसतात. मोबाइलच्या प्रोसेसरची रचना करणाऱ्या एआरएम कंपनीने २०११ मध्ये मोठे आणि लहान कोअर एकत्र ठेवण्याची रचना जाहीर केली. व्हॉट्सअॅपचे संदेश, गाणी असली कामं लहान कोअर अगदी थोड्या विजेत करतात, गेम उघडला की मोठे जागे होतात. इंटेलनेही २०२१ च्या अखेरीस घरगुती संगणकांत हीच पद्धत आणली. त्यामुळे आता दोन लॅपटॉपच्या नुसत्या कोअरच्या संख्येची तुलना करून काही कळत नाही. मोठे किती आणि लहान किती, ते विचारा.

गोव्याच्या दमट हवेने प्रोसेसर जास्त तापतो का?

दमटपणाने नाही. घाम सुकत नाही म्हणून दमट हवेत आपल्याला उकडतं, प्रोसेसरला घाम नसतो. त्याला फक्त हवेच्या तापमानाशी देणंघेणं. समजा हीटसिंक दर वॅटमागे अर्धा अंश तापतो. ६५ वॅटची चिप असेल तर ती खोलीपेक्षा ३२ अंशांनी वर राहणार. मे महिन्यात खोलीत ३३ अंश असले तर ६५, एसी लावून २४ केले तर ५६. नागपूरच्या उन्हाळ्यापेक्षा आपण सुखात आहोत.

गोव्यात त्रास होतो तो धुळीचा आणि खारट हवेचा. खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून असलेल्या दुकानांतले संगणक उघडले की हीटसिंकच्या पात्यांमध्ये तांबड्या मातीचा थर सापडतो. पावसाळ्यात तो ओलावा धरतो, मग सुकून घट्ट बसतो, आणि पंखा फिरत असूनही हवा आत शिरत नाही. हीटसिंक उचलला की खाली थर्मल पेस्ट वाळून पांढरी कडक झालेली असते, नखाने खरवडली तर कपचे निघतात. ही पेस्ट चिप आणि धातू यांच्यामधल्या बारीक फटी भरण्यासाठी असते. ती वाळली की त्या फटींत हवा शिरते, आणि हवेतून उष्णता जेमतेम जाते. धूळ काढून नवी पेस्ट लावली की हेच मशीन कामाच्या भरात पंधरा-वीस अंश थंड चालू लागलेलं मी अनेकदा पाहिलंय. कळंगुट-कांदोळीकडच्या हॉटेलांतून येणाऱ्या मशीनांत धूळ कमी असते, पण खाऱ्या वाऱ्याने रॅमचे आणि पोर्टचे संपर्क काळवंडलेले असतात.

पावसाळा संपला की एकदा साफसफाई करून घ्या. आणि देव्हाऱ्याशेजारी, अगरबत्तीच्या धुरात संगणक ठेवू नका. धुराची चिकट काजळी पंख्यावर बसते आणि तिला धूळ चिकटते.

फार तापला तर प्रोसेसर जळेल?

सहसा नाही. आजचे प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात, आणि त्यानेही भागलं नाही तर मशीन बंद होतं. म्हणून ‘संगणक दुपारी हळू होतो’ अशी तक्रार आली की मी व्हायरस शोधण्याआधी तापमान बघतो.

पुढे कोअर असेच वाढत जातील?

वाढतील, पण सगळे एकाच वेळी पूर्ण वेगाने चालवता येणार नाहीत. ट्रान्झिस्टर वाढतात, प्रत्येकाची उष्णता त्या प्रमाणात घटत नाही, त्यामुळे चिपचा काही भाग कायम बंद किंवा मंद ठेवावा लागतो. म्हणून आता त्या जागेत सर्वसाधारण कोअरऐवजी एकेका कामापुरते विभाग बसवतात: व्हिडिओसाठी एक, कॅमेऱ्यासाठी एक, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणितासाठी एक. ठरलेलं काम ते फार कमी विजेत करतात आणि बाकी वेळ बंद राहतात. बारावीनंतर या क्षेत्रात जायचं असेल तर नुसतं प्रोग्रामिंग शिकू नका, एखादं काम तुकड्यांत कसं वाटायचं तेही शिका.

लॅपटॉप मांडीवर धरवत नाही इतका तापतो. काही कोअर बंद केले तर?

कोअर बंद करू नका, वेगाची कमाल कमी करा. वर पाहिलंच, थोडा वेग सोडला की उष्णता बरीच उतरते. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की बहुतेक लॅपटॉपवर टर्बो थांबतो. पत्र लिहिताना किंवा बातम्या वाचताना फरक जाणवत नाही, पंख्याचा आवाज मात्र उतरतो. लॅपटॉप उशीवर किंवा गादीवर ठेवत असाल तर आधी ते थांबवा, कारण हवा आत घेणारी जाळी बहुधा खालच्या बाजूला असते. एवढं करूनही तापला तर उघडून साफ करून घ्या.